माझे सासरे आणि गाडीचा एसी

माझ्या सासऱ्यांना चालू वस्तूबद्दल जेवढा संशय आहे, तेवढा एखाद्या फौजदाराला सराईत चोराबद्दलही नसेल. घरातला एखादा पंखा महिनोन्‌महिने कुरकुर न करता फिरत असला, की बाबा अस्वस्थ होतात. जेवताना मान वर करून त्याच्याकडे बघतात, घास हातातच राहतो, आणि म्हणतात, "हा लयच चूप चालून राहिला. याच्या मनात काहीतरी हाय." मग स्टूल येतं, पाने येतात, आणि संध्याकाळपर्यंत पंख्याची पाती दिवाणावर, मोटार जमिनीवर आणि आम्ही सगळे अंगणात वारा घालत बसलेले असतो. पंखा पुन्हा चढतो, नाही असं नाही. पण त्यानंतर तो फिरताना टकटक आवाज करतो, आणि तो आवाज ऐकला की बाबांना शांत झोप लागते. आजारी वस्तू निदान खरं बोलते, असं त्यांचं मत आहे.

बाबांची सगळी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात गेली, तीही दुरुस्ती विभागात. मोठमोठे पंप, पंखे, टर्बाइन यांच्या पोटात हात घालण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसाच्या वाट्याला निवृत्तीनंतर काय उरलं, तर एक मिक्सर, एक कूलर, एक गिझर आणि आम्ही. प्रताप नगरच्या आमच्या घरात मी, बाबा आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, असे तिघेच राहतो. माझा नवरा नोकरीसाठी रायपूरला असतो आणि सुट्टी मिळाली की येतो. बाबांबद्दलच्या माझ्या सगळ्या तक्रारी तो फोनवर शांतपणे ऐकून घेतो आणि शेवटी म्हणतो, "पाह्य ना, ते ऐकत नाहीत." हे त्यानं लग्नाआधी सांगायला हवं होतं.

तसा अंदाज मला लग्नाआधीच यायला हरकत नव्हती. मला बघायला ही मंडळी आमच्या घरी आली, तेव्हा मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले तर मुलाच्या वडिलांची खुर्ची रिकामी. माझ्या वडिलांना वाटलं, पाहुणे न्हाणीघर शोधत असतील. शोधाशोध केली तर पाहुणे स्वयंपाकघरात, आमचा फ्रिज भिंतीपासून ओढून त्याच्यामागे उकिडवे बसलेले. हातात लांब पेचकस. त्याचं टोक फ्रिजच्या मोटारीच्या डब्याला टेकवलेलं आणि मूठ कानाला लावलेली, डॉक्टर नळी लावतात तशी. माझ्या वडिलांना त्यांनी खुणेनं गप्प राहायला सांगितलं, बराच वेळ ऐकलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "भाऊ, याले दम लागून राहिला." सोयरीक जुळली, पण मुलगी पसंत पडली की फ्रिज, हे आमच्या घरात कुणालाच नक्की कळलं नाही.

पेचकस हे त्यांचं एक हत्यार आणि उजव्या हाताची मागची बाजू हे दुसरं. येताजाता ते सगळ्या वस्तूंना हाताची ती बाजू लावून बघत असतात. टीव्ही, इन्व्हर्टर, मोबाइलचा चार्जर, शेजाऱ्यांची स्कूटर. कुणी पाया पडलं तर आशीर्वादाआधी कपाळाला तोच हात. आई म्हणतात, "यायच्या हाती देव बी लागला तं खोलून पाहतीन." आईंचा आवाज बारीक आहे, पण बोलणं नेमकं लागतं. ते बाबांना सोडून सगळ्यांना लागतं.

एवढं असूनही माझ्या गाडीला मात्र बाबांनी कधी हात लावला नव्हता. ती गाडी मी माझ्या पगारातून घेतली होती. जुनीच, पांढरी, लहानशी. माझं ऑफिस वाडीला, एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामाला लागून. रोज सकाळी अमरावती रोडवर ट्रकांच्या रांगेत अडकायचं आणि संध्याकाळी तसंच परत. नागपूरच्या मे महिन्यात त्या रांगेत उभं राहणं म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्याला मी गाडी का घेतली हे सांगावं लागणार नाही. मी गाडी घेतली ती एसीसाठी, चाकं त्यासोबत आली. बाबा रोज सकाळी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालायचे आणि म्हणायचे, "तुही गाडी हाय, बाई. मी हात लावत नाई." त्यांच्या आवाजात इतकी कळ असायची की वाटायचं, कधीतरी एक टायर तरी खोलू द्यावा बिचाऱ्यांना.

त्या वर्षी उन्हाळा तापायला लागला आणि गाडीच्या एसीनं नखरे सुरू केले. गाडी धावत असली की गार हवा, सिग्नलला थांबली की कोमट. मग धावतानाही कोमट. आणि एक दिवस वाडीहून येताना त्यातून सरळ गरम वाफा यायला लागल्या. मी मनाशी ठरवलं, घरी कुणाला काही बोलायचं नाही. सुट्टीच्या दिवशी गुपचूप गॅरेजला न्यायची आणि दुरुस्त करून आणायची. पण घामानं निथळत, चेहरा लालबुंद घेऊन मी फाटकातून आत आले तर बाबा पायरीवरच. त्यांनी आधी माझ्या कपाळाला हात लावला. मग उठून गाडीजवळ गेले, आत वाकून एसीच्या जाळीला हात लावला. वळून माझ्याकडे बघितलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जसा मी फक्त नातवंडं झालेल्या लोकांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

"तुले काई नाई झालं," ते म्हणाले. "ताप गाडीले हाय."

एरवी मी हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण मे संपता संपता हिंगणघाटला आईंच्या भावाच्या नातीचं लग्न होतं. आईंना तो एकच भाऊ, त्यांच्याहून मोठा, आणि आता त्याला स्वतःला प्रवास झेपत नाही. आदल्या वर्षी नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या सर्वांत कडक नऊ दिवसांत, भाजी आणायला गेलेल्या आई चौकात चक्कर येऊन पडल्या होत्या. ऊन लागलं होतं, सलाइन लावावं लागलं. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं की पुन्हा असं झालं तर निभावणार नाही. त्यामुळे नवऱ्यानं रायपूरहून स्पष्ट सांगितलं होतं, एसी गाडी असेल तर आईला ने, नाहीतर नको. आईंनी लग्नासाठी मोरपंखी साडी घेतली होती आणि ती कपाटात न ठेवता खुर्चीच्या पाठीवर घालून ठेवली होती. येताजाता तिच्यावरून हात फिरवायच्या.

माझ्या ऑफिसातला जो तो म्हणाला, "गॅस संपला असेल, भरून घ्या." मी जेवताना हे वाक्य फक्त उच्चारलं आणि बाबांनी ताटच बाजूला सारलं.

"गॅस काय पेट्रोल हाय का जळाले?" ते म्हणाले. "बंद नळीत फिरते तो. फिरून फिरून तिथंच येते. तो संपत नाई, बाई, तो जाते. कुठून जाते ते पाहाचं सोडून हे लोक भरून देतात. फुटक्या माठात पानी भरल्यासारखं."

"मग कुठून जातो ते गॅरेजवाला बघेल ना, बाबा."

"गॅरेजवाला?" त्यांनी असं बघितलं, जसं काही मी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आश्रमात ठेवायची गोष्ट काढली होती.

तर मग आमच्या घरासमोर, कडुनिंबाखाली, गाडीवर शस्त्रक्रिया सुरू झाली. बाबांनी वीज केंद्रातला जुना निळा शर्ट कपाटातून बाहेर काढला. त्याची बटणं आता पोटावर लागत नाहीत, पण तो घातल्याशिवाय त्यांचं निदान पूर्ण होत नाही. मदतनीस म्हणून मी. माझं काम टॉर्च धरायचं. टॉर्च धरणं हे काम ज्यानं कधी केलेलं नाही त्याला ते सोपं वाटेल. मी धरलेली टॉर्च नेहमी चुकीच्या जागी असते. वर धरली तर "खाली", खाली धरली तर "माह्या डोळ्यात नको", आणि जिथं हवी तिथं धरली तर मधे बाबांचं डोकं. सुट्टीचा सगळा दिवस मी बाबांच्या टकलावर प्रकाश पाडत उभी होते.

पहिल्या दिवशी त्यांनी डाव्या सीटसमोरचा सामानाचा कप्पा पूर्ण काढला. त्याच्यामागे हवा गाळायची जाळी असते, ती ओढली, आणि तिच्याबरोबर शेंगांची टरफलं भसाभसा बाहेर आली. नुसती टरफलं नाहीत, कापूस, कडुनिंबाच्या काड्या, माझ्या ऑफिसच्या पावत्यांचे कपटे. उंदरानं आत संसार थाटला होता.

"सापडला!" बाबा ओरडले. गल्लीतले दोघे-तिघे धावत आले. बाबांनी सगळ्यांना टरफलं दाखवली. "इथं हवाच अडकून राहिली होती. एसी बिचारा काय करीन?"

आई दारातून म्हणाल्या, "चला, उंदराची तं सोय होती."

जाळी धुतली, वाळवली, परत बसवली. एसी लावला. आता पूर्वीपेक्षा दुप्पट जोरानं गरम हवा यायला लागली. शिवाय एक स्क्रू उरला. मी तो तळहातावर घेऊन बाबांना दाखवला, तर त्यांनी तो खिशात टाकला आणि म्हणाले, "कंपनीवाले एखादा जास्तच देतात." त्या दिवसापासून तो कप्पा प्रत्येक स्पीडब्रेकरवर आपोआप उघडतो आणि शेजारी बसलेल्याच्या गुडघ्यावर आदळतो. माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं त्यानंतर माझ्याबरोबर येणं बंद केलं.

मग साबणाचा प्रयोग झाला. गॅस जिथून जातो तिथं साबणाचा फेस लावला की बुडबुडा येतो, हे बाबांचं म्हणणं, आणि ते खरंही आहे. त्यांनी वाटीत फेस केला आणि आपला दाढीचा ब्रश घेऊन बोनटच्या आतल्या एकूण एक नळीला, सांध्याला, वळणाला फेस फासला. ज्या नळ्यांचा एसीशी काही संबंध नव्हता त्यांनाही फासला, उगाच वाईट वाटायला नको म्हणून. गाडी हळद लागलेल्या नवरदेवासारखी दिसत होती. बाबा भिंग घेऊन वाकले, मी टॉर्च घेऊन वाकले. बुडबुडा नाही. पुन्हा फेस. बुडबुडा नाही. दुपार होईपर्यंत फेस वाळून पांढरे डाग पडले आणि बाबा कमरेवर हात ठेवून गाडीकडे बघत राहिले.

"एकही जागा फुटकी नाई," ते हळूच म्हणाले. "मंग गॅस गेला कुठं?"

हा प्रश्न पुढचे कित्येक दिवस आमच्या घरात घुमत राहिला. बाबा चहा पिताना विचारायचे, पेपर वाचता वाचता विचारायचे. एकदा दूधवाल्याला विचारला. मी तोंडाला स्कार्फ गुंडाळून, काचा उघड्या टाकून, ट्रकांचा धूर खात वाडीला जात होते आणि येत होते. रस्त्यावर हवा अशी लागायची, जणू कुणी तोंडासमोर तापलेला तवा धरलाय. लग्न जवळ येत होतं आणि साडी खुर्चीच्या पाठीवर तशीच होती.

शेवटी एका सकाळी मी जाहीर केलं की आज ऑफिसला जाताना मी गाडी वाडीच्या गॅरेजमध्ये दाखवणार. मी गाडी बाहेर काढायला गेले तर ते आधीच आत बसलेले, दोन्ही हातांनी कप्पा दाबून धरून.

गॅरेजचा मालक खुर्चीत मोबाइल बघत बसला होता. मी त्रास सांगितला. त्यानं मानही वर न करता निकाल दिला, "मॅडम, कंप्रेसर गया आपका. कूलिंग कॉइल भी गया होगा. पूरा बदलना पडेगा."

"बोनट खोलला का?" बाबांनी विचारलं.

"काका, हमको आवाज से समझ जाता है."

"कोणता आवाज?" बाबा म्हणाले. "गाडी तं बंद हाय!"

यापुढचा संवाद इथं देता येणार नाही. एवढंच सांगते की बाबांनी त्या माणसाला कंप्रेसर, कॉइल आणि खुर्ची या तिन्हींची कामं समजावून सांगितली, आजूबाजूचे ट्रकवाले जमा झाले, आणि मला ऑफिसला पोचायला इतका उशीर झाला की साहेबांनी मला बोलावून घेतलं. संध्याकाळी भट्टीसारख्या गाडीतून घरी आले, तर बसनं आधीच परतलेले बाबा पायरीवर वाटीत नवा फेस करत बसले होते.

माझा तोल गेला. "बाबा, पुरे झालं आता," मी म्हटलं. "लग्न या आठवड्यात आहे. तो माणूस चोर असेल, पण त्यानं एसी चालू तरी केला असता. तुम्ही काहून कुणाला हात लावू देत नाही? गाडी माझी आहे. उन्हातून मी जाऊन राहिले. उद्या मी ती दुसरीकडे देणार, आणि तुम्ही सोबत यायचं नाही."

बाबांचा ब्रश वाटीत थांबला. एवढं सगळं मी त्यांना कधी बोलले नव्हते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. 

आतून आई आल्या. "कायले भांडता माह्यासाठी?" त्या म्हणाल्या. "नाई जात मी. दादाले फोनवर सांगून देऊ. पोरीचं लग्न काय, मी नसली तरी लागतेच." त्यांनी खुर्चीवरची साडी उचलली, घडी नीट केली आणि कपाटात ठेवून दार लावलं. कपाटाच्या दाराचा आवाज तसा नेहमीचाच होता. पण बाबा वाटी खाली ठेवून उठले आणि त्या बंद दाराकडे बघत बराच वेळ उभे राहिले. त्या रात्री जेवताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून आरोळी आली. मला वाटलं, पडले. मी आणि आई दोघी धावलो, तर बाबा दारात उभे, गंजीफ्रॉकवर, अर्ध्या गालाला फेस, अर्धी दाढी झालेली, हातात तोच ब्रश.

"बाई!" ते ओरडले. "आतमंधी गॅसच नाई, तं बुडबुडा कायचा येईन?"

आईंनी आधी त्यांच्या पायाखाली पाणी सांडलंय का ते बघितलं.

"अवं, सायकलच्या ट्यूबात हवा भरल्याशिवाय पंक्चर दिसते का? गॅस सारा निघून गेला होता ना पहिलेच! मी रिकाम्या नळीले फेस लावून राहिलो!" ते स्वतःच्या कपाळावर हात मारून हसत होते, फेस इकडेतिकडे उडत होता. "एवढी नोकरी केली मी. एवढी नोकरी! अन् एवढं डोस्क्यात नाई आलं."

आई म्हणाल्या, "पहिले तोंड धुवा."

मी ऑफिसला फोन करून सुट्टी टाकली. सोबत यायचं नाही हे माझंच वाक्य मी गिळलं, आणि आम्ही दोघं गाडीच्या एसीचंच काम करणाऱ्या एका दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस होता. बाबांनी उतरता उतरताच त्याला बजावलं, "गॅस नको भरू. पहिले नुसता दाब दे. नायट्रोजन हाय का?" दुकानदारानं बाबांकडे बघितलं, त्यांच्या हातातल्या दाढीच्या ब्रशाकडे बघितलं, आणि त्याच्या लक्षात आलं की या माणसाशी वाद घालण्यापेक्षा त्याला काम करू दिलेलं स्वस्त पडेल. त्यानं सिलिंडरची नळी जोडली आणि दाब दिला. बाबांनी फेस लावायला घेतला. मी, न सांगता, टॉर्च धरली.

गाडीच्या तोंडाशी, बोनटखालच्या जाळीमागे, जिथं एक बारीक नळी येऊन मिळते, त्या सांध्यावर फेस जरासा हलला. मग त्यातून एक बुडबुडा वर आला. हळूहळू फुगत गेला, लिंबाएवढा झाला, त्याच्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग फिरले, आणि फुटला. लगेच दुसरा. बाबांनी मला जवळ ओढून दाखवलं, मग दुकानदाराला, मग आपली गाडी घेऊन आलेल्या एका अनोळखी बाईंना. आत रबराची एक बारीक चकती होती, उन्हानं कडक होऊन तडकलेली. बास, तेवढंच. दुकानदारानं ती बदलली, यंत्र लावून नळीतली हवा ओढून काढली, मग गॅस भरला. मी गाडी सुरू केली. बाबांनी आतल्या एसीच्या जाळीसमोर हाताची मागची बाजू धरली आणि डोळे मिटले. घरी आल्यावर त्यांनी कपाट उघडलं आणि साडी काढून परत खुर्चीच्या पाठीवर घातली. घडी मोडली म्हणून आईंनी त्यांना बोलून घेतलं.

लग्नाला आम्ही सकाळीच निघालो. आई मागे, बाबा पुढे, गुडघ्यावर कप्पा. त्या प्रवासाबद्दल जितकं कमी लिहावं तितकं बरं. "पंखा एकवर कर." "आता दोनवर." "पूल आला, चढ हाय, एसी बंद कर, इंजिनले दम लागते." "उतार आला, चालू कर." बुटीबोरी येईपर्यंत मी इतक्या वेळा ते बटण दाबलं की माझं बोट दुखायला लागलं. शेवटी आई मागून म्हणाल्या, "तुमी उतरा अन् बसनं या." त्यानंतर बाबा गप्प बसले, पण प्रत्येक चढावर माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे की माझा पाय आपोआप ढिला व्हायचा.

मंडपाजवळ गाडी थांबली आणि आई उतरल्या. मोरपंखी साडी, एकही चुणी नाही, कपाळावरचं कुंकू जागच्या जागी. त्यांचे भाऊ काठी टेकत सामोरे आले, बहिणीचा हात हातात घेतला आणि तो गार लागला म्हणून दचकले. "अवं, काश्मीरातून आली का तू?" ते म्हणाले, आणि दोघं बहीणभाऊ हसत हसत रडायला लागले. बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते मंडपाच्या कोपऱ्यातल्या मोठ्या कूलरसमोर उभे होते, मान एका बाजूला करून. आईंनी डोळे पुसता पुसताच त्यांची बाही धरली आणि त्यांना तिथून ओढून आणलं. नाहीतर अक्षता पडेपर्यंत कूलर मंडपात आडवा झाला असता.

परतताना बाबा मागे बसले, आईंजवळ. पुढे बसवून घ्यायला मीच नकार दिला होता. ऊन उतरत होतं, तरी बाहेरची हवा अजून चटके देणारी होती. आई दिवसभराच्या दमणुकीनं लगेच झोपल्या, त्यांचं डोकं बाबांच्या खांद्यावर कलंडलं. बाबा कुठल्याच चढावर काही बोलले नाहीत. मला ते इतकं चुकल्याचुकल्यासारखं वाटलं की मी आरशात बघितलं. ते हाताची मागची बाजू आईंच्या कपाळाला लावून बघत होते.

"झोपली," ते म्हणाले. मग रस्त्याकडे बघत बोलायला लागले. "खापरखेड्याच्या क्वार्टरले वरून पत्रा होता, बाई. नवी नवी आली होती ही. उन्हाळ्यात फरशीवर पानी टाकून त्याच्यावर झोपे. मी ड्युटीवर. आमच्या कंट्रोल रूममंधी एसी होता. माणसासाठी नाई, पॅनेलसाठी. पॅनेल गरम झालं तं सारं बंद पडते. बाहेर आग, अन् आतमंधी मी स्वेटर घालून बसो."

मी गाडीचा वेग कमी केला.

"एक डाव ही डबा घेऊन गेटवर आली. भर दुपार. तोंड असं लाल झालं होतं. मी साहेबाले इचारलं, हिले जरासं आत बसू देता का, पाच मिन्ट. साहेब हसला. मंग मी बी हसलो. त्याच्यानंतर कधी इचारलं नाई."

  आईंचा पदर एसीच्या वाऱ्यानं हलत होता, तो बाबांनी हातानं धरून ठेवला.

छत्रपती चौकातून रिंग रोडला लागलो. दिवे नुकतेच लागत होते. आमच्या गल्लीचं वळण आलं, मी इंडिकेटर द्यायला हात उचलला आणि आरशात बघितलं. आईंची झोप अजून गाढ होती, श्वास संथ चालला होता. बाबांनी मान किंचित हलवली.

"नको वळू," ते कुजबुजले. "सरळ घे, बाई. जरा सरळच घे."